भिजलेला वाफा

बदलापूर पूर्व
६ ऑक्टोबर २०२४

बकुळा,

सोनियाने फोनवर तुझा निरोप सांगितला. "बाबा, आई म्हणते, तुम्ही तोंडाने बोललेलं दुसऱ्या दिवशी फिरवता. काय म्हणायचंय ते लिहून पाठवा." पोरीने हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं, जसा काही दूधवाल्याचा निरोप आहे.

तर लिहितो. सात महिने तू तळेगावला लेकीकडे आहेस. मी याआधी पत्र लिहिलं ते आपलं लग्न ठरल्यावर, तुलाच, आणि तेही दादाने पुढ्यात बसून सांगितलं होतं. आता सांगायला कुणी नाही, त्यामुळे वाकडंतिकडं होईल.

घर ठीक आहे. डबा लावलाय. गुडघा दुखतो. तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगतो, भगवंत बरा आहे. भिंतीपलीकडून त्याचा खोकला येतो, त्यावरून कळतं. जांभूळच्या पाणीकेंद्रात तीस वर्षं पंप चालवले म्हणून पाण्यातलं सगळं आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं. सकाळी गल्लीत उभा राहून टाक्यांवर मतं देतो. मी खिडकी लावून घेतो.

मार्चमध्ये तुझा लसूण कुजला तो टाकीच्या गळक्या नळामुळे. हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आता लिहूनही देतो.

आणि दुसरं. परसातली ती पट्टी रिकामी पडलीय. या वर्षी लसूण मी लावणार आहे. तुला त्याने शिकवला, मला कुणी शिकवायची गरज नाही. अंबरनाथच्या कंपनीत एकतीस वर्षं मशीन चालवलंय, चार पाकळ्या मातीत खुपसायला काय लागतं?

प्रमोद


२३ ऑक्टोबर २०२४

बकुळा,

उत्तर आलं नाही. हरकत नाही.

उल्हासनगरला गेलो होतो, कॅम्प दोनमध्ये. तिथे एका सिंधी दुकानदाराकडे लसूण पाहिला. गड्डे असे पांढरेशुभ्र आणि गुबगुबीत की भगवंतच्या गावाकडचा लसूण त्याच्यासमोर लाजेल. मी म्हटलं, "लगाने के लिए चाहिए." तो हसला. "साईं, ये खाने का माल है. बोने का नहीं." मी म्हटलं, "तुम दो तो सही." घेऊन आलो.

घरी बसून एकेक पाकळी सोलून स्वच्छ केली. तू मागच्या वर्षी सालीसकट लावल्या होत्यास, ते मला तेव्हाच गबाळं वाटलं होतं. वाफा खणला, खत टाकलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालतोय. या आठवड्यात कोंब दिसतील.

पट्टीत उभा असलो की भगवंतच्या मोरीची खिडकी बरोबर समोर येते. ती उघडी होती. मी पाहिलं नाही. तू तिथून किती वेळा हाक मारली असशील, एवढं मात्र मनात आलं. त्याच्याकडे हसायचीस ते मला ऐकू यायचं, बकुळा. आपल्या घरात तू तशी कधी हसलेली मला आठवत नाही. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा तोंड मिटलेलं आहे.

असो. कोंब आले की कळवतो.

प्रमोद


१० नोव्हेंबर २०२४

बकुळा,

कोंब आले नाहीत. खणून पाहिलं तर सगळ्या पाकळ्यांचा चिखल झाला होता. हाताला असा वास लागला की दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग मी जे केलं ते लिहायला जड जातंय. भगवंतकडे गेलो.

दार त्यानेच उघडलं. मार्चपासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मी उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं, "लसणाचं बियाणं आहे का?" तो दारातून बाजूला सरकला. मग म्हणाला, "आत या, प्रमोदराव. पण चप्पल बाहेर काढा, इंदूला धुळीचा त्रास होतो."

फ्रिज उघडून त्याने खालच्या कप्प्यातून एक कापडी पिशवी काढली. पिशवीला चिठ्ठी टाचलेली होती. 'बियाणं. खायचं नाही.' अक्षर तुझं.

बकुळा, तुझं अक्षर मी आपल्या घरात डब्यांवर बघतो. तूरडाळ, साबुदाणा, रवा. ते आता दुसऱ्या माणसाच्या फ्रिजमध्ये होतं. बियाणं तिथेच टाकून परत फिरावंसं वाटलं.

त्याने समजावलं. कुजलेल्या वाफ्याच्या कोपऱ्यात चार गड्डे धड राहिले होते, ते जाताना तू इंदुबाईंच्या हवाली केलेस. आपल्याकडे थंडी पुरेशी पडत नाही, म्हणून बियाणं महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायचं, तरच गड्डा नीट भरतो. या वर्षी त्याने स्वतः काही लावलेलं नाही. "मग थंडीत कशाला ठेवलंत?" मी विचारलं. "वहिनींनी दिलेलं होतं. वाया कसं घालवणार?" म्हणाला.

वहिनी. हा शब्द तो इतक्या सावकाश म्हणतो.

लावायचं कसं, तेही सांगितलं. मी मान वर न करता ऐकलं. माती भुसभुशीत, वाळू आणि जुनं शेणखत घालून, वाफा वीतभर उंच. बाहेरच्या मोठ्या पाकळ्याच घ्यायच्या. साल काढायची नाही. टोक वर, बोटाची दोन पेरं खोल, दोन पाकळ्यांत चार बोटं अंतर. आधी एकदा पाणी, मग माती वरून सुकल्याशिवाय नाही. एकतीस पाकळ्या निघाल्या. आज लावल्या.

निघताना आतल्या खोलीतून इंदुबाईंनी हाक मारली. लकवा झाल्यापासून मी त्यांना पाहिलंच नव्हतं. चार वर्षं झाली ना? डावा हात पांघरुणावर ठेवून दिल्यासारखा पडलेला. बोलायला वेळ लागतो.

म्हणाल्या, "भावजी, बकुळा... कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हटलं. मला काय ठाऊक?

"तिने मला आंघोळ घातली. रोज. वर्षभर." मग दम खाल्ला. "ह्यांच्या पाठीत उसण भरली, ह्यांना उचलवेना. मीच तिला शपथ घातली होती. कुणाला सांगू नकोस. तुम्हालासुद्धा. मला लाज वाटायची."

तू दुपारी दोनला मागच्या दाराने जायचीस आणि चारला यायचीस. पदर भिजलेला असायचा, अंगाला साबणाचा वास यायचा. मी तो वास किती दिवस मनात घोळवला आणि त्याचा काय अर्थ लावला, ते या कागदावर लिहिता येणार नाही.

"लसूण?" मी विचारलं.

"ह्यांना तुमचं देणं कसं फेडावं कळेना," त्या म्हणाल्या. "ह्यांना तेवढंच येतं. लसूण. म्हणून शिकवला तिला."

बकुळा, मला सांगितलं का नाहीस? शपथ असली तरी नवऱ्याला सांगतात.

प्रमोद


१५ डिसेंबर २०२४

बकुळा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ. 'वाफ्यात पाणी कोणी सोडलं ते लिहा.'

नळ गळका होता, हे मी लिहिलंय.

लसणाचं सांगतो. एकतीसपैकी एकोणतीस उगवले. पाती वीतभर झाली. मी युरिया आणला होता, टाकणार तेवढ्यात भगवंतने भिंतीवरून हाक मारली. "प्रमोदराव, एक चिमूट, तेही आत्ताच. जानेवारीनंतर टाकलात तर नुसती पात माजेल, खाली काही धरायचं नाही." हा माणूस माझ्यावर लक्ष ठेवून असतो का? तरी चिमूटच टाकला. तण उपटतो. गुडघ्यासाठी एक पाट घेऊन बसतो.

इंदुबाईंना आंघोळ घालायला आता बुवापाड्याहून कौसाबाई म्हणून एक बाई येते. तिचा हात जड आहे, असं इंदुबाई म्हणतात. मंगळवारी भगवंतला औषधं आणायला जायचं असतं तेव्हा मी तासभर त्यांच्याजवळ बसतो. तूच तसं केलं असतंस म्हणून बसतो, दुसरं काही नाही. त्या तुझ्याबद्दल बोलतात. तू त्यांच्या केसांना तेल लावताना माहेरच्या गोष्टी सांगायचीस. तुमच्या आजोळच्या विहिरीत तू पडली होतीस, हे मला माहीत नव्हतं. अडतीस वर्षांत मला नाही सांगितलंस, त्यांना सांगितलंस. आधी भगवंतचा राग यायचा, आता त्या अंथरुणातल्या बाईचासुद्धा येतो. मी कसला माणूस आहे, ते तूच ठरव.

प्रमोद


१९ जानेवारी २०२५

बकुळा,

महिनाभर उत्तर नाही. सोनियाला विचारलं तर म्हणाली, "आईने एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर आलं की ती लिहील."

ठीक आहे.

नळ गळका नव्हता.

मागच्या फेब्रुवारीत तू वाफ्याचं पाणी बंद केलंस. जेवताना म्हणालीस, "आता तीन आठवडे थेंब नाही. भगवंतभावजी म्हणतात, शेवटी जमीन कोरडी असली की गड्डा घट्ट होतो, टिकतो." तू ताटात भात कालवत होतीस आणि तुझा चेहरा असा होता, जसा सोनियाचा निकाल लागला तेव्हा होता. मी विचारलं, "आमटीत मीठ आहे का?" तू ऐकलंच नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू दोन वाजता मागच्या दाराने गेलीस. मी उठलो, टाकीला नळी लावली आणि वाफ्यात सोडली. वर पेंढा होता, त्याखाली पाणी दिसत नव्हतं. तू यायच्या आधी नळी गुंडाळून ठेवली. असं सहा दिवस केलं. चौथ्या दिवशी पेंढा उचलून पाहिला होता. गड्डे छान भरले होते, जांभळट साल. मी ते पाहिलं आणि तरी पाचव्या दिवशी सोडलं, सहाव्याही.

तो लसूण त्याचा आहे असं मला वाटायचं. तो तुझा होता, हे मला त्या दिवशी दिसलं. काढायच्या दिवशी तू पहिला गड्डा उपटलास आणि तो हातात फुटला, काळा, बुळबुळीत. दुसरा, तिसरा. तू मातीत बसून राहिलीस. भगवंत भिंतीवरून म्हणाला, "पाणी बंद केलं होतं ना, वहिनी?" आणि तू रडलीस.

मग मी जे बोललो ते तुला पाठ असेल. तरी लिहितो, कारण तू लिहून मागितलंयस. मी म्हटलं, "मी मेलो असतो तरी इतकी रडली नसतीस. एवढं आहे तर जा, त्याच्याच घरी चूल मांड." सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. मोरीची खिडकी उघडी होती, म्हणजे इंदुबाईंनाही.

हे मी केलं. हे मी बोललो. फिरवत नाही.

प्रमोद


२३ फेब्रुवारी २०२५

बकुळा,

तुझं पाकीट आलं. दोन वेळा वाचलं, मग सदऱ्याच्या खिशात ठेवून वाफ्याजवळ जाऊन तिसऱ्यांदा वाचलं.

पाण्याबद्दल तू रागाचा एक शब्द लिहिला नाहीस. उलट लिहिलंयस, 'पाणी तुम्हीच सोडलं हे मला तेव्हाच कळलं होतं, नळी ओली असायची. मी वाट बघत होते तुम्ही कधी सांगता याची.' मला आधीच माहीत असतं तर ते पत्र लिहायला मला चार दिवस लागले नसते. की तरीही लागले असते?

आणि पुढे लिहिलंयस, 'माझं मी बघेन. पण तुमचं बोलणं माझ्यापेक्षा त्या माणसाला लागलं. बायको अंथरुणात, आणि गल्लीसमोर त्याच्या तोंडावर हे. त्याने तेव्हा उलट शब्द काढला नाही. त्यांची माफी मागा. इंदुताईंच्या समोर. नुसतं "झालं गेलं" म्हणू नका.'

बकुळा, दुसरं काहीही सांग. तुझ्यासमोर मी नाक घासायला तयार आहे. सोनियासमोर, जावयासमोर. पण त्याच्यासमोर नाही. तो काय म्हणेल ते मला माहीत आहे. तो म्हणेल, "जाऊ द्या, प्रमोदराव." त्याच्या त्या सावकाश आवाजात. आणि तो पुन्हा मोठा ठरेल.

वाफ्याचं पाणी शुक्रवारपासून बंद केलंय. खालची पानं पिवळी पडायला लागलीत. उन्हं अशी आहेत की माती तडकते, पात मान टाकते. दुपारी मी नळीकडे बघतो. या वेळी कुजवायला नाही, भीतीने. वाटतं, मरतील बिचारे, थोडं द्यावं. भिंतीवरून आवाज आला, "हात आवरा, प्रमोदराव. ते मरत नाहीत, पिकतायत." मी वर पाहिलं नाही.

प्रमोद


२१ मार्च २०२५

बकुळा,

काल लसूण काढला.

कुदळीने बाजूची माती आधी सैल केली, ओढला नाही. एकोणतीसपैकी सव्वीस गड्डे अखंड, दोन लहान, एक किड्याने खाल्लेला. साल कोरडी, घट्ट, जांभळी झाक. मोठा आहे तो माझ्या मुठीत पुरता बसत नाही. पातीसकट सावलीत, पडवीत पसरून ठेवलेत. धुतले नाहीत. तू केलं असतंस तसंच सगळं केलंय.

मग हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला आणि शेजारी गेलो.

कौसाबाई नुकतीच गेली होती. इंदुबाईंचे केस ओले होते. भगवंत त्यांच्या पलंगाशी स्टुलावर बसून मटार सोलत होता. मी म्हटलं, "मला दोघांशी बोलायचंय." तो उठायला लागला. "बसा," मी म्हटलं. स्वतः उभाच राहिलो.

सगळं पाठ करून गेलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, "मागच्या वर्षी वाफ्यात पाणी मी सोडलं. मुद्दाम. आणि त्या दिवशी जे बोललो ते खोटं होतं, घाण होतं. मला ते बोलताना माहीत होतं की ते खोटं आहे. मी तुमचा हेवा करायचो. माझी बायको तुमच्या दारात हसायची म्हणून. इंदुबाई, तुम्ही ते ऐकलंत, त्याची मला शरम वाटते. मला माफ करा. दोघांनी."

इंदुबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आता तो म्हणणार, जाऊ द्या.

तो म्हणाला नाही. त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. मग म्हणाला, "मला राग आला होता, प्रमोदराव. अजून आहे. हिने त्या दिवशी जेवण सोडलं होतं."

"हो," मी म्हटलं.

"आणि एक सांगू? तुम्ही माझा हेवा करत होतात, आणि मी भिंतीवरून काय बघायचो? वहिनी वाफ्यात उकिडव्या बसायच्या, उठायच्या, बादली उचलायच्या, पुन्हा बसायच्या. तुम्ही आत पेपर वाचत असायचात. मला वाटायचं, या माणसाची बायको आपल्या पायांनी चालते, आणि हा तिच्याकडे बघतसुद्धा नाही." त्याने शेंग टोपलीत टाकली. "मी जळायचो तुमच्यावर. रोज."

इंदुबाई उजव्या हाताने त्याच्या गुडघ्यावर थोपटत होत्या. मी स्टुलाशेजारी जमिनीवर बसलो. टोपलीतले मटार सोलायला घेतले. त्याने टोपली माझ्याकडे सरकवली. टोपली अर्धी झाली. शेवटी इंदुबाई म्हणाल्या, "भावजी... शेंगा आतून किडक्या आहेत का बघा. ह्यांना दिसत नाहीत."

एवढंच झालं. तू सांगितलंस तसं झालं की नाही, माहीत नाही. त्याने माफ केलं असं म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

प्रमोद


२८ मार्च २०२५

बकुळा,

हे पोस्टात टाकत नाही. उद्या तू येतेयस, हे तुझ्या उशीवर ठेवीन.

परवा तुझा फोन आला तेव्हा मला आधी तुझा आवाज ओळखू आला नाही. तू विचारलंस, "गड्डे किती दिवस वाळवलेत?" मी म्हटलं, "सहा." तू म्हणालीस, "अजून आठवडाभर राहू द्या, लगेच पाती कापू नका." मी म्हटलं, "बरं." मग तू म्हणालीस, "शनिवारी येते. रविवारचा पाडवा तिथेच करू. आधी इंदुताईंकडे जाईन, मग घरी." मी पुन्हा "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर बोलायच्या पन्नास गोष्टी आठवल्या.

तू परत येतेयस ती राहायला की सणापुरती, हे तू सांगितलं नाहीस. मी विचारणार नाही. सोनिया म्हणाली, आईने बॅग मोठी घेतलीय. तिने ते मुद्दाम सांगितलं, हे कळतं मला.

भगवंतला सांगितलं. त्याने नुसती मान हलवली आणि म्हणाला, "इंदूला आत्ता सांगू नका. तिला झोप लागायची नाही." संध्याकाळी त्यांना कळलंच होतं, कारण त्या कौसाबाईला केस नीट विंचरायला सांगत होत्या.

घर झाडून ठेवलंय. तुझी गादी उन्हात घातली. मला भात लावता येतो आता, आमटीही बऱ्यापैकी जमते.

तू त्यांच्याकडे बस, हवा तेवढा वेळ बस. हसू ऐकू आलं तर मी खिडकी लावणार नाही. पण तिथे किती वेळ बसलीस ते मी मनातल्या मनात मोजीन. तेवढं चालवून घे.

प्रमोद